घरच्या लॅपटॉपवर मेंदूचा अभ्यास : गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी खुल्या डेटाबेसची वाट

मेंदूवर संशोधन करायचं तर एमआरआय यंत्र हवं, मोठी प्रयोगशाळा हवी, अनुदान हवं, अशी समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. ताळगाव पठारावर विद्यापीठात शिकणारे असोत, फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले असोत किंवा डिचोली-पेडण्याकडच्या कॉलेजात मानसशास्त्र, प्राणिशास्त्र घेतलेले असोत, प्रकल्पासाठी कुणी ‘मेंदू’ हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो तो ‘डेटा कुठून आणणार?’ बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) रुग्णांचे स्कॅन होतात हे खरं. पण ते विद्यार्थ्याच्या हाती यायचे तर नीतिमत्ता समितीची मान्यता लागते, रुग्णांची संमती लागते आणि विभागातला कुणीतरी डॉक्टर सोबत लागतो. एका सत्राच्या प्रकल्पात हे सगळं बसवणं फार कठीण.

दुसरी वाट खुल्या डेटाची. जगभरच्या प्रयोगशाळांनी हजारो माणसांचे स्कॅन, ईईजीच्या (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या) नोंदी, चेतापेशींचे आराखडे सगळ्यांसाठी मोकळे ठेवले आहेत. माझा पदव्युत्तर प्रकल्प संपूर्णपणे अशा डेटावर उभा राहिला आणि त्यानंतर मागच्या वर्गांतल्या मुलांना मी याच वाटेवर सोबत केली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. डेटा मिळवण्यात फारसं कुणी अडत नाही. हाती आलेला डेटा कुणाचा, कसा आणि कशासाठी घेतलेला आहे हे वाचायच्या आत विश्लेषण सुरू होतं आणि प्रकल्प तिथे फसतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये वाचण्यावर आणि बघण्यावर जास्त भर दिसेल.

सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवं

- ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप. ईईजी आणि चेतापेशींच्या कामाला एवढा पुरतो. एमआरआयसाठी १६ जीबी असेल तर सोपं जातं.
- बाहेरची हार्ड डिस्क.
- गूगल कोलॅब वापरण्यासाठी गूगल खातं. स्वतःच्या लॅपटॉपवर काही न बसवता पायथन चालवता येतं.
- कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा ईमेल. अर्ज करावा लागतो तिथे जीमेलच्या पत्त्याकडे सहसा शंकेने बघतात.
- ऑर्किड क्रमांक. संशोधकाची ही १६ अंकी ओळख फुकट आणि काही मिनिटांत मिळते.
- मार्गदर्शकांचं पूर्ण नाव, हुद्दा, ईमेल आणि संस्थेचं अधिकृत इंग्रजी नाव. स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा.
- ‘हा डेटा मला कशासाठी हवा’ हे सांगणारा सहा-सात ओळींचा परिच्छेद, मार्गदर्शकांच्या नजरेखालून गेलेला.
- एक वही. कुठली फाइल, कुठल्या दिवशी, कुठल्या आवृत्तीची घेतली ते तिच्यात लिहायचं.

१. आधी प्रश्न, मग डेटाबेस

बहुतेक जण डेटाबेस उघडून बसतात आणि त्यात काय सापडतं ते बघत प्रश्न ठरवतात. असं करू नका. महिना निघून जातो आणि हाती पाच-सहा अर्धवट फोल्डर राहतात.

प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे आणि त्यात काय मोजणार ते दिसलं पाहिजे. ‘डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागातल्या अल्फा लहरी किती वाढतात?’ हा चांगला प्रश्न. ‘उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या दोन प्रकारच्या पेशींच्या फांद्या किती वेगळ्या असतात?’ हाही चांगला. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने अल्झायमर ओळखणे’ हा प्रश्न नव्हे, ते प्रकल्पाचं शीर्षक आहे. दर वर्षी कितीतरी मुलं ते घेतात. त्यात नेमकं काय बिघडतं ते आठव्या पायरीत सांगितलं आहे.

२. ‘खुला’ म्हणजे किती खुला ते तपासा

काही दारं सताड उघडी असतात. ओपनन्यूरो या मेंदूच्या स्कॅनच्या साठ्यावरचा डेटा सीसी-झिरो, म्हणजे कुणीही कसाही वापरावा अशा परवान्याखाली असतो, तो घ्यायला खातंही लागत नाही. फिजिओनेट या ईईजीसारख्या शरीरातल्या नोंदींच्या साठ्यावरचे बरेच संच तसेच आहेत. मात्र तिथलेच काही संच प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दिल्यावरच मिळतात, म्हणून त्या त्या संचाच्या पानावर तळाशी असलेली अट वाचा.

काही ठिकाणी खातं उघडून अटी मान्य कराव्या लागतात. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टचं असंच आहे. २२ ते ३५ वयोगटातल्या सुमारे १,२०० जणांचा हा संच. त्यातलं स्कॅन आणि साधी माहिती अटी मान्य केल्यावर मिळते. नेमकं वय, कुटुंबातली नाती अशी नाजूक माहिती हवी असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो.

काही ठिकाणी अर्ज तपासूनच परवानगी देतात. अल्झायमरवरचा आडनी हा प्रकल्प २००४ साली सुरू झाला, तो या गटातला. संस्थेचं नाव आणि उद्देश त्यांना पटला पाहिजे. शिवाय त्या डेटावर शोधनिबंध लिहिलात तर तो छापण्याआधी त्यांच्या समितीकडे पाठवावा लागतो. प्रकल्प मार्चमध्ये द्यायचा असेल तर असा अर्ज जानेवारीत करून काही उपयोग नाही, चतुर्थीच्या सुट्टीआधीच तो गेला पाहिजे.

यूके बायोबँकचं नाव बातम्यांत वारंवार येतं. तो पाच लाख लोकांचा अफाट संच आहे, पण तिथे अर्जासोबत शुल्कही आहे. पहिल्या प्रकल्पासाठी तो विचार सोडून द्या.

३. कुठे काय मिळतं

यादी मोठी करण्यात अर्थ नाही. नवख्या माणसाला ज्यांचा खरा उपयोग होतो तेवढेच सांगते.

ईईजीसाठी फिजिओनेटपासून सुरुवात करा. तिथला हालचाल आणि हालचालीची कल्पना यांवरचा संच १०९ स्वयंसेवकांचा आहे. प्रत्येकाच्या १४ नोंदी, ६४ इलेक्ट्रोड, सेकंदाला १६० मोजमापं. एका मिनिटाची फाइल सव्वा एमबीच्या आसपास भरते, म्हणजे मोबाइलच्या नेटवरही ती आरामात उतरते. झोपेवर काम करायचं असेल तर स्लीप-ईडीएफ आहे, त्यात रात्रभराच्या १९७ नोंदी आहेत. अपस्मारासाठी बोस्टनच्या बालरुग्णालयातला सीएचबी-एमआयटी संच आहे. तो मुलांच्या झटक्यांचा आहे, त्यामुळे काम करताना त्याचं गांभीर्य मनात असू द्या.

एमआरआयसाठी ओपनन्यूरो. प्रत्येक संचाला ‘डीएस’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि सगळे संच बिड्स या ठरलेल्या मांडणीत असतात. २०१६ साली ही मांडणी प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून नवख्यांचं निम्मं ओझं उतरलं, कारण एका संचाची रचना कळली की सगळ्यांची कळते. फक्त निरोगी माणसांचे साधे स्कॅन हवे असतील तर लंडनच्या तीन रुग्णालयांतला सुमारे ६०० जणांचा आयएक्सआय आहे. वय आणि स्मृतिभ्रंश यांसाठी ओआसिस आहे. त्याच्या पहिल्या संचात १८ ते ९६ वयाचे ४१६ जण आहेत. स्वमग्नतेसाठी अबाइड आहे, १७ केंद्रांतून जमवलेल्या १,११२ नोंदींचा. अबाइडची आधीच प्रक्रिया केलेली आवृत्तीही मिळते आणि नायलर्न या पायथनच्या साधनातून ती थेट उतरवता येते. एका सत्रात प्रकल्प संपवायचा असेल तर तीच घ्या. कच्च्या स्कॅनवर मेंदूचे भाग मोजणारं फ्रीसर्फर हे साधन चालवायला बसलात तर एकेका माणसाला काही तास लागतात. साध्या लॅपटॉपवर शंभर जणांचं गणित जमत नाही.

प्राणिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाच्या मुलांना मी न्यूरोमॉर्फो आवर्जून दाखवते. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली सुरू झालेल्या या साठ्यात आज दोन लाखांहून जास्त चेतापेशींचे त्रिमितीय आराखडे आहेत. प्रत्येक पेशी म्हणजे एक छोटी मजकूर-फाइल. दर ओळीत सात आकडे असतात : बिंदूचा क्रमांक, प्रकार, तीन दिशांचे निर्देशांक, त्रिज्या आणि आधीच्या बिंदूचा क्रमांक. प्रकारात १ म्हणजे पेशीकाया, २ अक्षतंतू, ३ आणि ४ म्हणजे दोन तऱ्हांच्या डेंड्राइटच्या फांद्या. शाळेपासून ज्या पेशीची आकृती आपण वहीत काढत आलो, तीच इथे आकड्यांत मोजता येते. जुना लॅपटॉप, मंद इंटरनेट, काही आड येत नाही.

सियाटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटचे ॲटलास जनुकं आणि मेंदूचे भाग यांची सांगड घालायला उपयोगी पडतात. मानवी ॲटलास वापरताना तो केवळ सहा दात्यांच्या मेंदूंवर आधारलेला आहे हे अहवालात लिहायला विसरू नका. चेतापेशींची एकमेकींशी असलेली संपूर्ण जोडणी बघायची असेल तर फ्लायवायर बघा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात १,३९,२५५ चेतापेशी आहेत आणि तो ब्राउझरमध्ये उघडतो.

आपल्या देशातलाही एक साठा आवर्जून सांगण्यासारखा आहे. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ खुला केला. गर्भावस्थेच्या दुसऱ्या तिमाहीतल्या मेंदूंचे ५,१३२ छेद त्यात पेशींच्या पातळीपर्यंत मोठे करून बघता येतात. शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्यांनी एक संध्याकाळ त्याच्यासमोर बसावंच.

४. डेटा उतरवण्याआधी तीन गोष्टी वाचा

रीडमी फाइल (संचासोबत येणारी माहितीची फाइल), सहभागी माणसांचा तक्ता आणि मूळ शोधनिबंध. या तीन गोष्टी वाचून होईपर्यंत एकही स्कॅन उतरवायचा नाही, असा नियमच करा.

वाचताना पुढचे प्रश्न वहीत लिहून काढा. माणसं किती, वयं काय, बायका किती, पुरुष किती? ती आली कुठून? यंत्र एकच होतं की अनेक? कुणाला का वगळलं? कुठल्या क्रमांकाच्या माणसाच्या नोंदीत दोष आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा वर्णनात मिळत नाही, नंतरच्या संशोधकांच्या निबंधांत सापडतं. उदाहरण द्यायचं तर वर सांगितलेल्या १०९ जणांच्या ईईजी संचात ८८, ९२ आणि १०० या क्रमांकांच्या नोंदी १६० ऐवजी १२८ च्या वेगाने घेतलेल्या आहेत. हे ठाऊक नसेल तर सगळ्यांचे आकडे एकत्र करताना तुमचा प्रोग्राम अडतो. न अडता पुढे गेला तर ते जास्त वाईट, कारण चुकीचं उत्तर येतं आणि कळतही नाही.

निबंध वाचायला पैसे लागतात असं समजू नका. पबमेड सेंट्रलवर लाखो निबंध पूर्ण मिळतात. जे मिळत नाहीत त्यांच्यासाठी तुमच्या ग्रंथपालांना भेटा. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’खाली सरकारी उच्चशिक्षण संस्थांना हजारो नियतकालिकं मिळू लागली आहेत. तुमची संस्था त्यात आहे का ते ग्रंथपालच सांगतील.

५. उतरवणं

ओपनन्यूरोवर प्रत्येक संचाच्या पानावर त्याचा एकूण आकार दिसतो. तो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आधी फक्त एका माणसाचं फोल्डर घ्या, त्यावर सगळं काम शेवटपर्यंत करून बघा, मग बाकीचे.

पावसाळ्यात सत्तरी, पेडणे, काणकोणकडे वीज आणि नेट कधी जाईल याचा नेम नसतो. ब्राउझरमधून मोठी फाइल उतरत असताना तार तुटली की बऱ्याचदा सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून अर्ध्यावर थांबून पुन्हा तिथूनच सुरू होणारी साधनं वापरा. ओपनन्यूरोसाठी डेटालॅड आणि ॲमेझॉनचं आज्ञावली साधन (एडब्ल्यूएस सीएलआय), ही दोन्ही चालतात. मोठा संच असेल तर विद्यापीठाच्या नेटवर्कवर बसून घ्या.

कोलॅबमध्ये थेट उतरवत असाल तर सत्र संपलं की तिथल्या फाइली पुसल्या जातात हे ध्यानात ठेवा. गूगल ड्राइव्ह जोडून घ्या, पण त्यात फुकटची जागा १५ जीबीच आहे आणि तुमचे फोटो आणि ईमेलही त्यातच आहेत.

आणि एक. सहभागी माणसांचा तक्ता एक्सेलमध्ये उघडून तसाच साठवू नका. ‘००१’चा ‘१’ होतो, काही आकड्यांच्या तारखा होतात आणि मग तक्त्यातला माणूस त्याच्या स्कॅनशी जुळत नाही. बघण्यासाठी उघडा, न साठवता बंद करा. बदल करायचे ते पायथनमधून करा.

६. डोळ्यांनी बघा

कुठलंही गणित करण्याआधी दहा-बारा स्कॅन उघडून बघा. स्कॅन बघायचं एमआरआयक्रोजीएल हे साधन फुकट आहे आणि विंडोजवर लगेच चालतं. चेहऱ्याचा भाग कापलेला दिसेल. ते मुद्दाम केलेलं असतं, माणूस ओळखू येऊ नये म्हणून. डोकं हललेलं असेल तर चित्रात लाटांसारख्या रेघा दिसतात. अशा स्कॅनचे क्रमांक वहीत टिपून ठेवा.

इथला मोठा सापळा डाव्या-उजव्याचा. रेडिओलॉजीच्या प्रथेत रुग्णाची डावी बाजू पडद्यावर उजवीकडे दिसते, जणू डॉक्टर त्याच्या पायांशी उभे राहून बघताहेत. काही साधनं ही प्रथा पाळतात. नायलर्नची चित्रं मात्र डावं डावीकडेच दाखवतात. ही प्रथा पाळणाऱ्या एफएसएल या साधनाच्या पडद्यावर बघितलेला भाग नायलर्नच्या चित्रात शोधायला गेलात तर तो दुसऱ्या बाजूला दिसेल. भाषेवरचा प्रकल्प असेल तर एवढ्याने निष्कर्षच उलटा होतो. प्रत्येक चित्राखाली कुठली बाजू कुठे आहे ते लिहा.

७. पहिला सराव : डोळे उघडे, डोळे मिटलेले

कुणीही विचारलं की मी याच सरावाने सुरुवात करायला सांगते. यात प्रश्न स्वच्छ आहे, उत्तर आधीपासून माहीत आहे, त्यामुळे आपलं काम बरोबर चाललंय की नाही ते लगेच कळतं. हान्स बर्गर यांनी १९२९ साली माणसाच्या ईईजीवर पहिला निबंध छापला, तेव्हापासून अल्फा लहरी ओळखीच्या आहेत. सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या (म्हणजे ८ ते १३ हर्ट्झच्या) या लहरी डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागात ठळक होतात.

फिजिओनेटच्या १०९ जणांच्या संचात पहिली नोंद डोळे उघडे ठेवून एक मिनिट आणि दुसरी डोळे मिटून एक मिनिट, अशी आहे. तिसरीपासून पुढच्या नोंदींची आत्ता गरज नाही.

कोलॅबमध्ये एमएनई हे पायथनचं साधन बसवा. त्यात या संचासाठी तयार आज्ञा आहे, माणसाचा आणि नोंदीचा क्रमांक दिला की फाइल आपोआप येते. आधी एकाच माणसाच्या दोन नोंदी घ्या. इलेक्ट्रोडची नावं छापून बघा. नावांच्या शेवटी टिंबं चिकटलेली दिसतील, त्यामुळे ‘ओझेड’ शोधलंत तर सापडत नाही. ती साफ करायची आज्ञाही एमएनईमध्येच आहे. मग ओ-१, ओझेड आणि ओ-२ हे मागचे तीन इलेक्ट्रोड निवडा आणि वेल्चच्या पद्धतीने दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून कुठल्या वारंवारतेला किती शक्ती आहे त्याचा आलेख काढा. दोन सेकंदांचा तुकडा घेतला की अर्ध्या हर्ट्झचा बारकावा मिळतो, एवढा इथे पुरतो.

मिटलेल्या डोळ्यांच्या आलेखात दहा हर्ट्झच्या आसपास उंचवटा दिसला पाहिजे. काही माणसांत तो अगदी क्षीण असतो, तेव्हा पहिल्या माणसात दिसला नाही तर घाबरू नका, आणखी चार-पाच जण बघा.

हा सराव करताना तीन ठिकाणी मुलं हमखास अडतात. एमएनई आकडे व्होल्टमध्ये देतं, मायक्रोव्होल्टमध्ये नाही. दशांश चिन्हापुढे चार-चार शून्यं बघून फाइल बिघडली असं वाटतं, पण ती ठीक असते. दुसरं, विजेच्या तारांची गुणगुण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपली पुस्तकं ५० वर गाळणी लावायला सांगतात. हा संच अमेरिकेतला आहे आणि तिथे वीज ६० हर्ट्झची आहे. गाळणी ६० वर लावा. तिसरी अडचण पुढच्या नोंदींकडे वळलात की येते. माणसाने कधी काय केलं ते दाखवणाऱ्या खुणांमधली ‘टी-१’ ही खूण काही नोंदींत डाव्या मुठीची आहे आणि काहींत दोन्ही मुठींची. ‘टी-२’ काही ठिकाणी उजवी मूठ, काही ठिकाणी दोन्ही पाय. नोंदीचा क्रमांक न बघता सगळे ‘टी-१’ एकत्र केले तर पुढचं सगळं वाया.

एका माणसावर जमलं की दोषाच्या नोंदी वगळून बाकी सगळ्यांवर तेच चालवा. प्रत्येक माणसाचे दोन आकडे येतील, एक उघड्या डोळ्यांचा, एक मिटलेल्यांचा. तुलना त्याच माणसाच्या त्याच्याशीच करायची. एका मिनिटाचे तीस तुकडे झाले म्हणून तीस माणसं होत नाहीत. नमुन्याची संख्या माणसांवर मोजायची, तुकड्यांवर नाही.

८. ९९ टक्के अचूकता आली की थांबा

अल्झायमरच्या प्रकल्पांत असा आकडा सर्रास दिसतो आणि सादरीकरणात त्याला टाळ्याही मिळतात. त्यामागचं पहिलं आणि नेहमीचं कारण असं. एका माणसाच्या स्कॅनचे अनेक काप चित्रं म्हणून वेगळे केले जातात आणि मग ती चित्रं पिसून काही संगणकाच्या मॉडेलला शिकवायला, काही ते तपासायला घेतली जातात. म्हणजे एकाच माणसाचे शेजारशेजारचे काप दोन्हीकडे जातात. मॉडेल आजार शिकत नाही, माणूस ओळखायला शिकतं. नवा माणूस समोर आला की ते काहीच सांगू शकत नाही. स्पर्धांच्या संकेतस्थळांवर फिरणाऱ्या चित्रांच्या प्रतींत तर कुठलं चित्र कुठल्या माणसाचं हेच लिहिलेलं नसतं. अशी प्रत घेऊच नका, मूळ साठ्यावर जा. विभागणी नेहमी माणसांची करा, चित्रांची नको.

दुसरं कारण वयाचं. ओआसिसच्या पहिल्या संचात विशीतले तरुण आहेत आणि आजाराची लक्षणं असलेले १०० जण सगळे साठीपुढचे आहेत. तरुणांच्या ओळीत स्मृतिभ्रंशाच्या श्रेणीचा रकाना रिकामा आहे. तिथे शून्य भरून सगळ्यांना ‘निरोगी’ गटात टाकलं तर तुमचं मॉडेल तरुण आणि म्हातारे वेगळे करतं, आजार नव्हे. साठीपुढच्यांचीच तुलना साठीपुढच्यांशी करा. अचूकता खाली येईल, पण ती खरी असेल आणि परीक्षकांच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल.

तिसरं कारण स्कॅनच्या यंत्राचं. आयएक्सआयमध्ये तीन रुग्णालयं, अबाइडमध्ये १७ केंद्रं. एका केंद्रात रुग्ण जास्त आणि दुसऱ्यात निरोगी जास्त असतील तर फरक यंत्रांतला असू शकतो. प्रत्येक गटात कुठल्या केंद्राचे किती जण आहेत त्याचा तक्ता अहवालात द्या.

९. परवानगी, श्रेय आणि त्या माणसांचा मान

आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओळख पुसलेल्या, सार्वजनिक डेटावरच्या कामाला नीतिमत्ता समितीच्या तपासणीतून सूट मिळू शकते. पण ती सूट समितीने द्यायची असते, आपण स्वतः घ्यायची नसते. संस्थेच्या समितीला एक पानी अर्ज करा : संचाचं नाव, परवाना, ओळख पुसलेली असल्याचा उल्लेख, तुमचा उद्देश. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, तेव्हा हे पहिल्या महिन्यातच उरका.

अटी मान्य करून घेतलेला डेटा मित्राला ड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सॲपवरून देऊ नका. त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. सही तुमची आहे, म्हणून जबाबदारीही तुमची आहे. कुणाची ओळख शोधायचा प्रयत्न कधीही करू नका. कुणीतरी तासभर त्या अरुंद नळीत न हलता पडून राहिलं, कुणाच्या आजारी मुलाच्या डोक्याला दिवसचे दिवस तारा लावलेल्या होत्या. त्यांनी दिलं म्हणून आपल्याला मिळालं.

अहवालात संचाचं पूर्ण नाव, आवृत्ती, डीओआय क्रमांक (संचाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) आणि मूळ निबंध, चारही द्या. ओपनन्यूरोवर एकाच संचाच्या अनेक आवृत्त्या असतात, म्हणून वहीतली नोंद इथे कामी येते.

मर्यादांच्या प्रकरणात एक गोष्ट जरूर लिहा. यातले बहुतेक संच अमेरिका आणि युरोपातल्या माणसांचे आहेत. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी बोलत वाढलेलं गोव्यातलं मूल त्यांत जवळजवळ नाहीच. भाषा, वाचन, स्मरण यांवर काम करत असाल तर तुमचा निष्कर्ष इथल्या मुलांना आपोआप लागू होत नाही, हे स्वच्छ शब्दांत नोंदवा. मार्गदर्शकांपाशीही हा विषय काढा. पुढे कुणी इथल्या माणसांचा डेटा जमवायला घेतला तर तो पहिल्या दिवसापासून बिड्सच्या मांडणीत ठेवता येईल आणि संमतीपत्रातच तो खुला करण्याची परवानगी मागता येईल. नंतर प्रत्येकाला शोधून ती मिळवणं जवळपास अशक्य असतं.

१०. अडलात तर

आधी त्या संचाच्या पानावरच्या शंका वाचा, तुमची शंका बहुधा कुणीतरी विचारलेली असते. न्यूरोस्टार्स या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर जाणकार मंडळी नवख्यांना नीट उत्तरं देतात. विचारताना संचाचा क्रमांक, आवृत्ती, काय केलं आणि काय झालं एवढं लिहा, पडद्यावर आलेला एररचा संदेश पूर्ण चिकटवा. तरीही सुटलं नाही तर संच जमवणाऱ्यांना कॉलेजच्या ईमेलवरून थेट लिहा, प्रत मार्गदर्शकांना ठेवून. रीडमी वाचून विचारलेल्या नेमक्या प्रश्नाला ते बहुधा उत्तर देतात.